पावणेपाच मीटरची भरती: हा आकडा मोजतात कुठून?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका मोठ्या भरत्यांची यादी जाहीर करते आणि मग डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर एकच मजकूर फिरू लागतो: अमुक तारखेला समुद्रात पावणेपाच मीटर उंचीच्या लाटा उसळणार. २०२५ च्या यादीतली सगळ्यात मोठी भरती होती २६ जूनची, दुपारी एकच्या सुमाराला, ४.७५ मीटर. म्हणजे जवळजवळ साडेपंधरा फूट. किनाऱ्याला घर असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच. प्रत्यक्षात असे बहुतेक दिवस नेहमीच्या उधाणासारखेच, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीसारखेच, जातात. पाणी धक्क्याला लागतं, थोडा वेळ थांबतं आणि उतरतं. खरं नुकसान होतं ते पुढे. खराखुरा इशारा येतो तेव्हा लोक म्हणतात, "मागेही असंच सांगत होते," आणि मुलांना घेऊन लाटा बघायला उभे राहतात. हा आकडा म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यात अवघड काही नाही.

### आकडा पातळीचा, लाटेचा नव्हे

भरतीच्या यादीत लिहिलेला आकडा पाण्याच्या पातळीचा असतो. समुद्र अगदी शांत असता, एकही लाट नसती, तर त्या वेळी पाणी कुठवर चढलं असतं ते तो सांगतो. ही पातळी सहा तासांत सावकाश चढते आणि पुढच्या सहा तासांत सावकाश उतरते. लाटा येतात त्या या पातळीच्या वर. त्यांचा हिशेब वेगळा आणि त्यांची कारणंही वेगळी.

आता प्रश्न असा की ४.७५ मीटर कशापासून? आपण मनातल्या मनात धरून चालतो की वाळूपासून, नाहीतर रोजच्या पाण्यापासून. तसं नाही. हा आकडा मोजतात 'चार्ट डेटम' नावाच्या पातळीपासून. समुद्राच्या नकाशांसाठी ठरवलेलं हे शून्य मुद्दाम इतकं खाली धरलेलं असतं, की मोठ्या ओहोटीतसुद्धा पाणी सहसा त्याच्या खाली जात नाही. यापुढे आपण त्याला समुद्राचं शून्य म्हणू.

परसातल्या विहिरीचं घ्या. "विहिरीत बारा फूट पाणी आहे" असं आपण म्हणतो तेव्हा ते तळापासून मोजलेलं असतं. पाणी काठावरून वाहतंय असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही, कारण काठ किती उंच आहे ते घरच्यांना ठाऊक असतं. भरतीचा आकडाही असाच खालून मोजलेला आहे. फरक एवढाच की समुद्राचा तळ कुठला आणि काठ कुठला, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

शून्य इतकं खाली का धरायचं? कारण ही सगळी आकडेमोड दर्यावर्दी लोकांसाठी सुरू झाली. बोट रुतायला नको, ही त्यांची पहिली काळजी. खाडीच्या मुखाशी नकाशात २ मीटर खोली लिहिलेली असेल, तर मोठ्या ओहोटीलाही तिथे साधारण तेवढं पाणी मिळणार हा भरवसा असतो. भरतीच्या कोष्टकात त्या वेळेचा आकडा ३ मीटर असेल तर दोन्हींची बेरीज करायची: ५ मीटर पाणी. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, एवढं पुरतं. हाच आकडा जमिनीवर राहणाऱ्या माणसाला जसाच्या तसा दिला की मात्र घोळ होतो, कारण जमिनीचं शून्य निराळं आहे.

### जमिनीचं शून्य

कोकण रेल्वेच्या स्टेशनांवरच्या पिवळ्या पाट्या आठवा. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही समुद्रसपाटी म्हणजे समुद्राची सरासरी पातळी: भरती, ओहोटी, उधाण, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) सगळं वर्षानुवर्षं मोजून काढलेला मध्य. भारतीय सर्वेक्षण विभागाने नऊ बंदरांवरच्या नोंदी घेऊन १९०९ मध्ये देशासाठी ही पातळी ठरवली. मुंबई आणि कारवार ही त्यातलीच दोन बंदरं. घरं, रस्ते, पूल यांच्या उंच्या सांगतात त्या या शून्यापासून.

मुंबईला समुद्राची सरासरी पातळी समुद्राच्या शून्यापेक्षा सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणून ४.७५ मीटरच्या भरतीतून अडीच वजा करा. उरतात सव्वादोन मीटर. म्हणजे त्या दुपारी पाणी सरासरी पातळीच्या सव्वादोन मीटर वर आलं. मुंबईत उधाणाची भरती सरासरीने ४.४ मीटरच्या आसपास असतेच, आणि उधाण दर पंधरवड्याला येतं. म्हणजे ४.७५ ची ती गाजलेली भरती नेहमीच्या उधाणाहून जेमतेम फूटभर जास्त. हा फूटभर मात्र क्षुल्लक नाही. त्याकडे पुढे येऊच.

(मुंबईत आणखी एक तिसरं शून्यही चालतं. शहरातली गटारं आणि नाले यांच्या पातळ्या जुन्या टाउन हॉलवरच्या खुणेवरून मोजत आले आहेत. अभियंत्यांच्या कागदावर 'टीएचडी' दिसलं तर ते हे.)

### उधाण आणि भांग

भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शाळेत शिकलो. सूर्याचाही त्यात हात असतो. सूर्य प्रचंड असला तरी फार दूर आहे, त्यामुळे भरती उचलण्याची त्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते आणि पाणी खूप चढतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात असतात, एकमेकांचा जोर मारतात. त्या दिवसांतल्या लहान भरतीला कोकणात भांगाची भरती म्हणतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते: उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी सरासरी ४.४ मीटरवर, तर ओहोटीत पाऊण मीटरवर. भांगाला भरती सुमारे ३.३ मीटर आणि ओहोटी १.८५ च्या आसपास. उधाणाला साडेतीन मीटरहून जास्त फरक, भांगाला दीडसुद्धा नाही. म्हणून खडकावरची कालवं काढायला बायका जातात त्या उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कारण एरवी पाण्याखाली राहणारा खडक तेव्हाच उघडा पडतो. डोलीची, म्हणजे ओढीत बांधून ठेवलेल्या जाळ्याची, मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते, तिला उधाण हवं; भांगात ओढच मंदावते. आणि अलिबागला कुलाबा किल्ल्यात पायी जाऊ पाहणाऱ्या पाहुण्यांनी भांगाच्या दिवशी विशेष जपावं. ओहोटीची वेळ बरोबर साधली तरी पाणी पुरतं हटत नाही, आणि परत फिरायला वेळही थोडा मिळतो.

सगळ्यात मोठी भरती नेमकी अमावास्या-पौर्णिमेला येत नाही, एक-दोन दिवस मागाहून येते. एवढं अवाढव्य पाणी हलायला वेळ लागतोच. शिवाय चंद्राची कक्षा लंबगोल आहे. तो कधी ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर असतो, कधी ४ लाख ६ हजारांवर. जवळचा चंद्र आणि अमावास्या किंवा पौर्णिमा असा योग जुळला की यादीतले मोठे आकडे येतात.

### तिथीच्या पाऊण पट

जुन्या लोकांना कोष्टकाची गरज पडत नसे. त्यांचा हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमा शून्य धरायची, म्हणजे बारा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही वेळ दिवसाही लागू आणि रात्रीही, कारण दिवसातून दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, ओहोटी त्यांच्या मधोमध.

हे जुळतं कारण चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते. पाऊण तास रोज, असा तो ढोबळ हिशेब. २६ जून २०२५ ला आदल्या दिवशीच्या अमावास्येनंतरची प्रतिपदा होती. एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. कोष्टकातली वेळ एकला पाच कमी. दहा मिनिटांची चूक, आणि तीही कागद-पेन्सिलीशिवाय! मला या हिशेबाचं फार अप्रूप आहे. मात्र तो मुंबई-रायगडच्या उघड्या किनाऱ्याचा आहे. खाली गोव्याकडे भरती थोडी आधी लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी उशिरा.

### पावसाळ्यात दुपारी, थंडीत मध्यरात्री

पावसाळ्याच्या यादीतले मोठे आकडे दुपारचे का असतात? त्याच दिवशी रात्रीची भरती बरीच कमी का? चंद्राची ओढ पृथ्वीवर दोन बाजूंना पाणी फुगवते, एक चंद्राच्या दिशेला आणि एक बरोबर उलट दिशेला. जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो. अमावास्येला चंद्रही सूर्याच्या संगतीने उत्तरेलाच, म्हणजे दुपारी आपल्या डोक्याजवळ. त्यामुळे दुपारचा फुगवटा आपल्या बाजूला पडतो आणि मध्यरात्रीचा दक्षिण गोलार्धात. पौर्णिमेला चंद्र दक्षिणेला जातो, पण उलट दिशेचा फुगवटा मग उत्तरेला येतो, आणि तो येतो पुन्हा दुपारीच. डिसेंबर-जानेवारीत सगळं उलटं होऊन रात्रीच्या भरत्या मोठ्या होतात. थंडीतल्या त्या मोठ्या भरत्यांची बातमी होत नाही, कारण तेव्हा पाऊस नसतो, वारा नसतो आणि लोक झोपलेले असतात.

### मुंबईचा आकडा मालवणला चालत नाही

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. मुंबईच्या भरतीचा आकडा "कोकण किनारपट्टीला इशारा" असं नाव लावून सिंधुदुर्गापर्यंत पोचतो. भरती सगळीकडे सारखी नसते. मुंबईच्या उत्तरेला समुद्रातला उथळ मंच रुंद होत जातो आणि खंभातचं आखात निमुळतं. आत शिरणारं पाणी दाटतं आणि वर चढतं. भावनगरला भरती दहा मीटरच्या घरात जाते ती त्यामुळे. दक्षिणेला याच्या उलट. गोव्याजवळ उधाणाची भरती दोन मीटरच्या आसपास, कोचीला मीटरभर. रत्नागिरी, मालवण इथले आकडे मुंबई आणि गोवा यांच्या मधले. मालवणच्या धक्क्यावर पावणेपाच मीटरची भरती येऊच शकत नाही, आणि तिथला अडीच मीटरचा आकडा मुंबईकराला चिल्लर वाटला तरी मालवणच्या माणसाला तो मोठा आहे. शून्यसुद्धा प्रत्येक बंदराचं आपापलं. आपल्या जवळच्या बंदराचं कोष्टक बघावं, दुसरं काही नाही.

### मग टीव्हीवर दिसतात त्या लाटा कसल्या?

त्या खऱ्याच. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या लाटांचे इशारे देते, आणि "साडेतीन ते चार मीटर उंचीच्या लाटा" असं ती म्हणते तेव्हा ते लाटांबद्दलच असतं. तोही आकडा समजून घ्यावा: ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे एखादी लाट त्याहून बरीच मोठी येऊ शकते. खडकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लाटा वाऱ्याने उठतात, आपल्याकडच्या किंवा दूर दक्षिणेकडच्या. त्यांना तिथीशी देणंघेणं नाही. भरती मोठी असली की एवढंच होतं, की लाट फुटायची ती दूर वाळूवर न फुटता थेट बंधाऱ्यावर येऊन फुटते. वर म्हटलेला फूटभर इथे महत्त्वाचा ठरतो.

वादळात आणखी एक भर पडते. हवेचा दाब एक मिलीबार उतरला की समुद्राचं पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, आणि वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो ते वेगळंच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, वटपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी. भरतीच्या कोष्टकात यातलं काहीही नसतं. ते वर्षभर आधी गणिताने तयार होतं. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते आहे. अशा दीर्घ नोंदींतून चंद्र-सूर्याचे एकेक फेरे सुटे करायचे आणि पुढची तारीख घालून पुन्हा जोडायचे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७२ मध्ये हे काम करणारं दांडे-चाकांचं यंत्रच आखलं होतं, आज संगणक करतो. चंद्र-सूर्याचं गणित पक्कं आहे, हवामान त्यात धरलेलं नसतं. म्हणून भरतीचा आकडा आणि लाटांचा आकडा बातमीत एकाच ओळीत कोंबणं माझ्या मते घातक आहे. दोन्ही द्यावेत, पण वेगवेगळे.

### भरतीमुळे पूर येतो का?

नुसत्या भरतीने नाही. भरती दार बंद करते, पाणी पावसाचं असतं.

खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, उघाडी जवळून बघितली की हे लख्ख समजतं. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या, बांधात एक मोरी असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडपेला रेटतं, ती उघडते, शेत मोकळं होतं. भरती लागली की खाडीचं पाणी बाहेरून तीच झडप दाबून धरतं, खारं पाणी आत येत नाही. माणूस लागत नाही, यंत्र लागत नाही. पण झडप मिटलेली असते त्या तासांत आत कोसळणाऱ्या पावसाला जायला वाट नसते. तो साठत राहतो. फळी कुजली किंवा मधे ओंडका अडकला तर खारं पाणी थेट शेतात.

शहरातल्या नाल्यांचं आणि नद्यांचं असंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी भरतीची वेळ होती. नाल्यांना समुद्रात उतरायला उतारच उरला नाही. चिपळूणला तर समुद्र दिसतही नाही, पण वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते आणि भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येतं. २२ जुलै २०२१ चा महापूर आला तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून घाटातलं पाणी, त्यात नदीतला गाळ, आणि खालून चढती खाडी. पूर पावसाने आणला, भरतीने तो निघून जायला उशीर केला. पावसाळ्यात भरतीची वेळ बघायची ती यासाठी: मुसळधार पाऊस आणि मोठी भरती यांचे तास एकमेकांवर पडतात का, एवढंच शोधायचं.

### "पूर्वी एवढं उधाण नव्हतं" हे खरं का?

चंद्र-सूर्य तेच आहेत. सरासरी पातळीपासून भरती किती चढते एवढंच बघितलं तर फारसा फरक पडलेला नाही. बदलली आहे ती समुद्राची सरासरी पातळी. जगभराचा विचार केला तर १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे २० सेंटिमीटरने चढली, आणि २००६ नंतर वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत गेला. वीतभरसुद्धा नाही, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. खारबंदिस्तीचा बांध जुन्या उधाणाला बेतून घातलेला असतो. पाणी माथ्याच्या खाली चार बोटं राहिलं तर शेत वाचतं, माथ्यावरून दोन बोटं वाहिलं तर माती धुपते, बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडतं आणि एका रात्रीत भाताची खाचरं खारी होतात. पनवेल १, २, ३ यांसारखे क्षार सोसणारे भाताचे वाण आहेत, पण रोजच्या भरतीचं पाणी सोसणारा भात नाही. त्यातून किनाऱ्याची तिवरं (खारफुटी) तोडली, खाड्या बुजवल्या, तर बांधावर लाट पूर्वीपेक्षा जोरात आदळणारच. "पूर्वी एवढं नव्हतं" म्हणणारे आजोबा खोटं बोलत नाहीत.

### आपल्या घराचा आकडा

यादीतला आकडा आपल्या दारापर्यंत कसा आणायचा? पावसाळ्याआधीच्या एखाद्या उधाणाला, वारा पडलेला असताना, पूर्ण भरतीच्या वेळी जवळच्या जेटीवर किंवा घाटावर जा. पाणी कितव्या पायरीला लागलं ते बघा, तिथे रंगाने रेघ ओढा आणि आपल्या बंदराच्या कोष्टकातला त्या वेळेचा आकडा शेजारी लिहा. समजा आकडा ४.३० आहे. रेघेपासून रस्त्यापर्यंत किती उंची उरते ते टेपने मोजा. ती ६० सेंटिमीटर निघाली, तर शांत समुद्रात रस्त्यावर पाणी यायला ४.९० ची भरती लागेल. मग २६ जूनसारखा ४.७५ चा दिवस आला की कळतं, हातात १५ सेंटिमीटर आहेत. त्या दिवशी लाटांचा इशारा नसेल तर घरी निवांत राहता येतं. असेल, किंवा वादळाची खबर असेल, तर होडी वर ओढून घ्यायची, गुरं हलवायची आणि खालच्या फळीवरचं तांदळाचं पिंप माळ्यावर न्यायचं.